तात्यांची ट्रॉली

परवा कडेगावात उसाची ट्रॉली शेजारून गेली आणि ओल्या वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वासानं मी तीस वर्षं मागं गेले.

वहिनीला कळा सुरू झाल्या होत्या आणि गावात दवाखाना नव्हता. शेजारच्या तात्यांनी ट्रॉलीतला ऊस रस्त्याकडेलाच उतरवला, हिरवं वाढं अंथरलं आणि ट्रॅक्टर मिरजेकडं सोडला. खड्ड्यागणिक वहिनी माझा हात आवळायची.

"आवं तात्या, जरा दमानं!" मी ओरडले.

"दमानं न्हाई जमायचं, पोरी," ते मागं न बघता म्हणाले.

दवाखान्यात पोचताच भाची जन्मली. दोघी सुखरूप होत्या, तरी तात्या पायरीवर बसून रडत होते. मला नवल वाटलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "त्यांची बायको बाळंतपणाला नेताना बैलगाडीतच गेली, बाई."