घरटी दोन माणसं

सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाले आणि पुढच्याच रविवारी चर्चच्या मंडळीसमोर उभी राहून साक्ष दिली, की प्रभूनं मला सुवार्ता सांगायला पाचारण केलंय. माझा आवाज मोठा, वचनं तोंडपाठ, आणि लाजणं माझ्या स्वभावातच नाही. महाडमधली आमची मंडळी म्हणजे भाड्याच्या खोलीत जमणारी वीस-पंचवीस माणसं. सगळ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. मग मी वाट बघत बसले, पण बोलायला मला कोणी बोलावीना.

जुलैत एका ओळखीच्या डॉक्टरांचा फोन आला. पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याला एका वाडीत एक म्हातारा शेतकरी होता. त्याला शुगर, आणि पायाच्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. तीन आठवडे पाय कोरडा राहिला तर ठीक, नाहीतर पाऊल कापावं लागेल. रोज ड्रेसिंग करायला जाल का, असं डॉक्टर विचारत होते. म्हटलं, जाते की. तेवढंच चार शब्द बोलायलाही मिळेल.

दोन दिवस ड्रेसिंग नीट झालं. तिसऱ्या दिवशी पाहते तर पट्टी चिखलानं बरबटलेली. माझं डोकंच फिरलं. "पाय नको झालाय का, बाबा? तसं सांगा, म्हणजे माझी एसटीची धावपळ तरी वाचेल."

म्हातारा शांतपणे म्हणाला, "भाताची लावनी चालू हाय, सिस्टर. आमच्याकडं घरटी दोन मानसं दुसऱ्याच्या खाचरात उतरतात. मंग ती सगळी आपल्या खाचरात येतात. पोरगा मुंबईला, त्याला रजा नाय. ही एकटी गेली तर आमच्याकडं कोन येल? भात नाय लागलं तर वरीसभर खानार काय?"

पट्टी बदलताना मनातल्या मनात प्रभूशी भांडत होते, की मला बोलायला पाठवलंस आणि इथं माझं ऐकतंय कोण? भांडता भांडता तोंडातून निघून गेलं, "तुमच्याऐवजी मी उतरले तर चालेल का?"

त्याची बायको पदराआड हसली. म्हातारा मात्र हसला नाही. "मानूस मोजतात, सिस्टर. कुनाचा ते नाय बघत," तो म्हणाला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी साडी खोचून आयुष्यात पहिल्यांदा चिखलात उतरले. पहिल्याच दिवशी कंबरेनं असहकार पुकारला. माझी रांग वाकडी जायची, रोपं तरंगून वर यायची, आणि बायकांना फुकटची करमणूक. "सिस्टर, विंजक्शन देता तसं सरळ खुपसा की गो," म्हणून एकीनं चिडवलं. मला राग आला, पण मग मी तसंच खुपसलं आणि रोपं उभी राहायला लागली. रोज सकाळी आधी ड्रेसिंग, मग ज्याची पाळी असेल त्याचं शेत. म्हातारा पडवीत पाय स्टुलावर ठेवून बसायचा आणि शेत जवळचं असलं की तिथून मला ओरडून शिकवायचा. त्या तीन आठवड्यांत मी प्रभूचं नाव एकदाही काढलं नाही. वाकून वाकून श्वासच उरत नव्हता.

तीन आठवड्यांनी त्याला घेऊन महाडला गेले. डॉक्टरांनी पट्टी सोडली, बोटानं दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मी इतकी वर्षं शेकड्यानं जखमा बघितल्यात, तरी तेव्हा डॉक्टरांच्या खांद्यावरून वाकून वाकून बघत होते. "पाऊल वाचलं," डॉक्टर म्हणाले. मी तिथंच डोळे पुसले.

परतीच्या एसटीत पोलादपूर आलं. म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिस्टर, इचारू काय? तुमाला हितं तुमच्या देवानं धाडलं काय?"

याच प्रश्नासाठी मी पाठ करून ठेवलेलं सगळं त्या क्षणी विसरले. "हो बाबा," एवढंच म्हणाले.

त्यानं मान डोलावली. "मंग त्याला सांगा, उद्या जरा लवकर धाड म्हनावं. वरच्या अंगाचं एक खाचर ऱ्हायलंय."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्याच गाडीनं गेले.