बॉनेटवरचा लोटा

लातूरच्या आमच्या घराला गाडीखाना होता, गाडी मात्र कधीच नव्हती. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे घर एका आडत व्यापाऱ्याकडून घेतलं होतं. त्याच्या मोटारीसाठी अंगणाच्या कडेला लोखंडी खांबांवर पत्रे टाकलेले होते. आम्ही तिथं गोवऱ्या आणि सायकली ठेवायचो. अप्पा नांदेडला दुसऱ्याच्या गॅरेजात मिस्त्री होते. शनिवारी यायचे, सोमवारी पहिल्या एसटीनं परत. घरी राहून स्वतःचं काम सुरू करायचं हे त्यांच्या डोक्यात फार दिवसांपासून होतं, आणि जागा आयती उभी होती.

मग भूकंप झाला. आमच्या घराला एक भेग पडली, तेवढंच. पण दक्षिणेकडच्या खेड्यातलं आईचं माहेर दगडमातीच्या भिंतींसकट खाली बसलं आणि त्यात तिची आई गेली. त्यानंतर आईनं स्लॅबखाली पाठ टेकली नाही. स्वयंपाक आत, लिंगपूजा आत, झोपायला मात्र गाडीखान्यात, पत्र्याखाली. सुरुवातीला सगळं लातूरच बाहेर झोपत होतं. उशाशी पालथा लोटा आणि लोट्यावर पालथा पेला. जमीन हलली की पेला वाजणार आणि आपण पळणार, असा हिशेब. हळूहळू गल्ली आपापल्या घरात गेली. आई आणि तिचा लोटा बाहेरच राहिले. मांजरानं पेला पाडला तरी ती मला दंडाला धरून अंगणात काढायची, आणि मी तिच्यावर भयंकर चिडायची.

काही वर्षांत गावात शिकवण्यांचं पेव फुटलं. चाकूर, मुरुड, उदगीरकडून पोरं ट्रंका आणि गाद्या घेऊन जीपगाड्यांतून उतरू लागली. गल्लीत ज्याच्याकडे एक खोली जास्त होती तो होस्टेलवाला झाला. त्या जीपगाड्या येताना कशाबशा यायच्या आणि जाताना आमच्या दारात हटून बसायच्या. अप्पा कपाळाला हात लावायचे. "गिऱ्हाईक दारात येऊन बंद पडून राहिलंय, अन् मी नांदेडला दुसऱ्याचे पाने पुसून राहिलो."

शेवटी त्यांनी लांब रजा टाकली आणि गाडीखान्याला हात घातला. मुरूम टाकून जमीन ठोकली, वर शहाबादी फरशी बसवली. बाभळीच्या जाड फळ्यांचं टेबल केलं, त्याला वस्तू घट्ट पकडायचा लोखंडी शिकंजा जखडला. भिंतीवर खिळे मारून प्रत्येक पान्याभोवती गेरूनं त्याचा आकार काढला. पाना उचलला की भिंतीवर त्याची रिकामी जागा दिसे आणि तो कुठं राहिला हे लगेच कळे. पहिल्या दिवशी त्यांनी साखळीच्या कप्पीनं एका हातानं जीपचं इंजिन वर उचललं. ते काळं तेलकट धूड हवेत संथपणे फिरत होतं आणि मी तोंड उघडं टाकून बघत होते. आपला बाप हे करू शकतो, याचा मला तोवर पत्ताच नव्हता.

सगळं झालं, पण कोपऱ्यात आईची बाज होती. जीप आत आली की बाज बाहेर, आणि संध्याकाळी बाज आत यायची म्हणून जीप बाहेर. खोललेली गाडी मुक्कामाला ठेवता येईना, त्यामुळे मोठी कामं दुसरीकडे जाऊ लागली.

"असंच चाललं तर मला नांदेडलाच जावं लागंल," अप्पा एकदा जेवताना म्हणाले.

"जावा," आई म्हणाली. "मी स्लॅबखाली न्हाई जायची."

अप्पांनी पुढं भाकरी मोडली. तो विषय त्यांनी परत काढला नाही, पण रजा संपत आली होती.

उलट आईनंच त्यांना एक नियम घातला. गाडीखाली शिरायच्या आधी बॉनेटवर लोटा आणि पेला ठेवायचा. पेला वाजला की हातातलं काम टाकून बाहेर यायचं. आता जीपखाली माणूस ठोकाठोकी करणार तर पेला पडणारच. तो सारखा पडायचा आणि अप्पा सारखे सरपटत बाहेर यायचे, कुरकुरायचे, पेला परत ठेवून आत शिरायचे. जीपवाले हसायचे. "मावशी, नैवेद्य दाखवलाय का गाडीला?" एकानं विचारलं. "हाव. गप बसा," आई म्हणाली. मला तर शरमेनं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटायचं.

जमीन दुभंगतच होती, आमच्या फरशीखाली. काळ्या मातीचं शहर आमचं. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा टाकते. हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, पण अप्पांनी वरवर मुरूम टाकला आणि घाईत फरशी बसवली. ऐन उन्हाळ्यातल्या एका सकाळी ते मुरुडच्या जीपखाली होते. गाडी जॅकवर उचललेली, आधाराचे ठोकळे अजून बाजूलाच पडलेले. हातोडा थांबलेला होता, तरी पेला पडला.

"आता काय झालं ह्या पेल्याला," असं पुटपुटत अप्पा बाहेर आले. ते उठून उभे राहतात तोच जॅकखालची फरशी कडकन मोडली आणि ते मघाशी आडवे होते त्याच जागी जीप खाली बसली. लोटा गडगडत माझ्या पायाशी आला.

जीपवाला रुमालानं तोंड पुसत राहिला. मी आईकडे बघितलं. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. एवढे दिवस जिच्या वेडावर गल्ली हसली, तिच्यासमोर उभं राहायला मला त्या वेळी भीती वाटली, देवळात वाटते तशी.

तिनं लोटा उचलला, पदरानं पुसला. "वाजला तर माणूस निघतो," ती अप्पांना म्हणाली. मग पेला उचलता उचलता, "माझ्या आईच्या उशाला कुणी ठेवला न्हवता."

ती लोटा आणि पेला घेऊन घरात गेली. दुपारी तिनं मला बाज घरात आणायला लावली. खिडकीत लोटा मांडला, त्यावर पेला ठेवला आणि भेगेच्या भिंतीकडे तोंड करून स्लॅबखाली आडवी झाली. थोड्या वेळात तिला गाढ झोप लागली.

अप्पा दारात बराच वेळ उभे होते. बाहेर जीपवाल्यानं गाडीची वाकलेली पट्टी सरळ करायला हातोडा उचलला, तेव्हा त्यांनी जाऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"आता ठोकायचं न्हाई. गाडी राहू द्या इथंच, उद्या या."

"का हो मिस्त्री?"

"आत झोपली हाय ती," अप्पा म्हणाले.