टोपणातल्या गोळ्या

सरकारी दवाखान्यात गुडघ्यासाठी मी होमिओपॅथीच्या रांगेत बसते. त्या गोळ्या म्हणजे नुसती साखर, असं मी घरी तावातावाने सांगते. तरी बसते, कारण तिथल्या डॉक्टरबाई सगळं ऐकून घेतात. समोर ॲलोपॅथीची रांग दारापर्यंत असते आणि बोलणं ‘काय होतंय?’च्या पुढे जात नाही.

काल शेजारी एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. मागच्या वेळच्या बाटलीतल्या गोळ्या ती टोपणात काढत होती, बोट लागू न देता. हात लागला की गुण जातो म्हणतात. केवढी ती काळजी! आणि मांडीवरच्या बाळाच्या बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता.

“अगं, आधी समोर दाखव ना याला!”

“तिथं कोण ऐकतंय, मावशी? या मॅडम नीट विचारतात तरी.”

मला संताप आला. तिचा, की समोरच्या त्या खोलीचा, कळेना. या गोळ्यांवरून होणाऱ्या आमच्या घरच्या भांडणात हा खळगा कधीच आला नव्हता.

तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या. बाळाकडे नजर जाताच एक शब्द न विचारता त्यांनी त्याला उचललं आणि “सरका, सरका!” ओरडत समोरच्या खोलीत शिरल्या. आई मागे धावली. धावता धावता टोपण माझ्या हातात कोंबलं. “धरा, मावशी. हात नका लावू हं गोळ्यांना.”

आतून बाळाचं रडणं कधी ऐकू येतंय, म्हणून मी कान देऊन बसले. टोपण तसंच धरलेलं. माझा काडीचा विश्वास नव्हता, पण बोट लावायची हिंमत झाली नाही.