मरियामातेचे डोळे

आमच्या चर्चमधला मरियामातेचा पुतळा रंगवायला फादरांनी मला सांगितलं, तेव्हा मी विचार करायलाही वेळ घेतला नाही. तिरोड्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. आमची कॅथलिक घरं इथे मोजकीच, त्यामुळे माझ्या हातात ब्रश असतो हे सगळ्यांना माहीत. देवाने ही कला मला उगाच दिलेली नाही, कधीतरी ती वेदीच्या कामी येईल, असं मला लहानपणापासून वाटायचं. चाळिशी आली तरी कोणी बोलावलं नव्हतं. आता बोलावलं होतं.

चर्चची देखरेख एक म्हातारे काका करायचे. दार उघडणं, घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं, सगळं तेच बघत. त्यांना माझं काम आवडलं नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. पुतळा कोनाड्यातून उतरवून वेदीमागच्या खोलीत टेबलावर ठेवला, तेव्हा ते दाराशी उभे राहिले आणि हललेच नाहीत. मी रंगाचा डबा उघडला की जवळ येऊन वास घ्यायचे. कोणता रंग, कुठून आणला, किती दिवस लागतील, असं रोज विचारायचे. मला वाटायचं, हे पाळत ठेवतायत आणि घरोघरी जाऊन सांगतायत.

पुतळा प्लास्टरचा, चार फुटांचा. निळा अंगरखा जागोजागी उडालेला. पण खरी अडचण चेहऱ्याची होती. डोळे फार मोठे, काठाला काळी जाड रेघ, पापण्या खाली ओढलेल्या. नागपूर–रायपूर हायवेवरच्या ट्रकांच्या मागे असतात ना, तसे. कुणीतरी अडाण्याने रंगवले असणार, असं म्हणत मी पॉलिश पेपरने ते घासून काढले आणि वर पांढरा प्रायमर मारला. काका तेव्हाही दाराशीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर डाव्या डोळ्याच्या जागी प्रायमर पुसलेला होता. नखाएवढा डाग. पाल फिरली असेल म्हणून मी पुन्हा हात मारला. तिसऱ्या दिवशी तोच डाग, तिथेच, आणि टर्पेंटाइनचा वास. मग संध्याकाळी खोलीला कुलूप लागण्याआधी मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. सकाळी चेहरा आणि फोटो शेजारी धरून पाहिले. आता उजवा डोळाही पुसलेला होता. किल्ल्या दोघांकडेच, फादरांकडे आणि काकांकडे. माझ्या डोक्यात दुसरं नावच आलं नाही.

मी फादरांना फोटो दाखवले. फादर नवे, आमच्याशी हिंदीतूनच बोलायचे. "बुज़ुर्ग आदमी हैं, रहने दीजिए," असं ते म्हणाले. मी ऐकलं नाही. पुतळा असाच खराब होत राहिला तर मी काम सोडते, असं सांगितलं. शेवटी त्यांनी काकांकडून किल्ली मागून घेतली. काकांनी गळ्यातल्या दोऱ्यातून ती काढून दिली आणि खाली बघत निघून गेले.

त्यानंतर चेहऱ्याला कुणी हात लावला नाही. माझा संशय खरा ठरला म्हणून मला बरं वाटलं, हे कबूल करते. किल्ली घेतली त्याच दिवशी मी अंगरख्याच्या खालच्या चुणीत, सहज दिसणार नाही अशा जागी, माझ्या नावाची दोन अक्षरं घातली.

रविवारी काका मिस्साच्या प्रार्थनेला आले नाहीत. घंटा फादरांनीच वाजवली. दुपारी मी काकांच्या घरी गेले. विचारपूस करायला म्हणून निघाले होते, पण मनात त्यांच्याकडून कबुली घ्यायची होती.

ते ओसरीत बसले होते. त्यांच्या मागे भिंतीला ट्रकचा जुना फाळका टेकवलेला होता आणि त्यावर दोन डोळे रंगवलेले. मोठे, काळ्या काठाचे, पापण्या खाली ओढलेल्या.

सडक अर्जुनीला हायवेवर त्यांचं ट्रक रंगवायचं काम होतं, हे मला त्या दिवशी कळलं. ते तरुण असताना तेव्हाच्या फादरांनी त्यांच्याकडून मरियामातेचा चेहरा रंगवून घेतला होता. डोळे रंगवायच्या आधी काका दिवसभर उपाशी राहिले होते.

"काका, मग पुसलंत कशाला?" मी विचारलं.

"खराब नाही करून राहिलो बाई. जुने डोळे आत उरले आहेत का, ते पाहून राहिलो."

मला ते लगेच पटलं नाही. उत्तर आधीच तयार ठेवलंय की काय, असं वाटलं. मी म्हटलं, डोळे फारच मोठे होते. त्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलले.

"तू टेबलावर ठेवून पाहिलीस. लोकं खाली गुडघ्यावर बसून वर पाहतात. तिथून पाहिलीस का?"

मी पाहिलं नव्हतं.

"आणि खाली नाव कायले लिवलीस? मी नाही लिवलो."

त्यांनी ते केव्हा पाहिलं, मला कळेना. किल्ली तर गेली होती. बहुतेक रविवारच्या आधी, एखाद्या सकाळच्या मिस्साच्या वेळी, फादरांच्या देखत.

दुसऱ्या दिवशी मी फादरांना सांगून काकांना किल्ली परत देववली आणि म्हटलं, डोळे तुम्हीच रंगवा. त्यांनी हात पुढे करून दाखवला. बोटं थरथरत होती. ते स्टुलावर बसले आणि मी रंगवले, माझ्या पद्धतीचे, बेताचे. पुतळा कोनाड्यात चढवून गुडघ्यावर बसून पाहिलं. तिथून ते डोळे मिटल्यासारखे दिसत होते. पुतळा पुन्हा उतरवला. मग त्यांनी सांगितलं तसे, त्या फाळक्यावरच्यासारखे रंगवले.

मरियामातेच्या सणाच्या आदल्या दिवशी मी चुणीतली अक्षरं निळ्या रंगाने बुजवली. काका शेजारीच होते. ते नसते तर बुजवली असती का, हे मी स्वतःला बरेच दिवस विचारत होते. अजूनही माझा माझ्यावर पुरता भरवसा नाही.

सणाला लोक आले, गुडघ्यावर बसले, पूर्वीसारखीच दिसते म्हणाले. माझ्या कामाबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. मला ते लागलं.

मागच्या महिन्यात फादरांनी संत जोसेफचा पुतळा रंगवायला सांगितला. तो आधी कोणी रंगवला होता, असं मी विचारलं. फादरांना माहीत नव्हतं. म्हणून मी काकांकडे गेले आणि तेच विचारलं. ते मेणबत्त्या मांडत होते. त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काऊन विचारून राहिली?" ते म्हणाले.