हाक न पोचणारा बंगला

माझा बाप बायकोला मारायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं बंगला, आंब्याची झाडं, गार हवा असलं काही आलं की वाचणाऱ्याला उगाच बरं वाटायला नको. आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायचो. अप्पांची भुसार मालाची अडत होती. बाजारात माणूस लोण्याहून मऊ, 'या मालक, बसा मालक'. घराचा उंबरा ओलांडला की त्याच तोंडातून आग. भाकरी गार झाली, मार. भाकरी करपली, मार. भाकरी चांगली झाली तर 'आज लई खुशीत हायस, काय भानगड?' म्हणून मार. ताट भिरकावणं तर रोजचंच. आमच्या घरात एकही ताट सपाट राहिलं नव्हतं, आमटी वाढली की एका बाजूला पळायची.

अव्वा, म्हणजे माझी आई, ओरडायची नाही. पदराचा बोळा दातात धरायची आणि खाली बसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो आमच्याकडं नुसता म्हणीत नव्हता. आमची आणि शेजारच्या घराची भिंत एकच होती. पहिला रट्टा बसला की शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात हजर. "विरजण हाय का वो?" अप्पा लगेच सदरा नीट करून हसायचे, "या की वैनी." अव्वा डोळे पुसून विरजण द्यायची. तेवढ्यापुरता मार थांबायचा. त्या वाटीच्या जिवावर माझी आई जगली, असं मला तेव्हा वाटायचं.

मी सातवीत होते त्या उन्हाळ्यात अप्पांच्या डोक्यात सुट्टीचं खूळ शिरलं. बाजारातले एक मोठे व्यापारी आदल्या मे महिन्यात बायकापोरांना घेऊन हिल स्टेशनला बंगल्यात राहून आले होते आणि वर्षभर त्याच बंगल्याच्या गोष्टी सांगत होते. अप्पांना ते सहन होईना. आपणबी जुना, नावाजलेला बंगला घ्यायचा, महिनाभर राहायचं! आणि चार लोकांसमोर मोठेपणा दाखवायला ते बोलून बसले, "आमच्यात घर निवडायचं काम घरच्या लक्ष्मीचं." लोकांनी वा वा केलं. शब्द मागं घेता येईना. ज्या बाईला घरात साधी डाळ कुठली शिजवायची हे विचारत नव्हते, तिच्या हातात अख्खा बंगला निवडायचं आलं.

मला मात्र धडकी भरली. बंगल्याला शेजार नसतो. तिथं वाटी घेऊन कोण येणार?

पहिलं घर होटगीला बघितलं. साहेबाच्या काळातलं, काळ्या दगडाचं, पुढं लांबलचक व्हरांडा. पलीकडं रेल्वेच्या लोकांच्या खोल्या, तिथल्या बायका पंपावर पाणी भरत होत्या. आमच्याकडं बघून त्यांनी हसून हातसुद्धा केला. मला हायसं वाटलं. म्हटलं, झालं, हेच घ्यावं. अव्वानं त्या बायकांकडं बघितलं आणि म्हणाली, "नगं. लई माणसं हायत हितं."

परत येताना पॅसेंजरमध्ये अप्पांनी पदराखालून तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तिचे ओठ पांढरे पडले. येवढ्या उन्हात येरझार घातली नि बाईसाहेबांना माणसं जास्त झाली! समोरची बाई आम्हाला शेंगा देत होती. अव्वानं हसून घेतल्या.

दुसरं घर कोकणातलं. ते आम्ही बघितलं नाही, अप्पांचे एक मित्र तिथं राहून आले होते, त्यांनी फोटो आणला होता. जुन्या काळी गलबतांवर जकात घेणाऱ्या अधिकाऱ्याचं घर, उतरतं छप्पर, आणि समोर समुद्र. मी समुद्र पाहिला नव्हता. तो फोटो मी इतका वेळ हातात धरला की अप्पांनी डोक्यात टपली मारून काढून घेतला. मित्र म्हणाले, "शेजार तर इतका चांगला की बोलायचं काम नाही. घराला घर लागून. नुसतं खाकरलं तरी पलीकडून विचारतात, काय झालं?"

मी मनात हात जोडले. अव्वा म्हणाली, "नगं, कोकण नगं."

मित्र गेल्यावर अप्पांनी तिचा अंबाडा धरून तिला चुलीपाशी नेलं. "चार माणसांत माझा शब्द खाली पाडतीस? समुद्र नगं, होटगी नगं, मग काय मसणात राहाणार हायस?" तिच्या कपाळाला चुलीची कड लागली. काकू वाटी घेऊन आल्या. अव्वानं विरजण दिलं. त्या रात्री मी चिडून तिला विचारलं, "तुला शेजार असलेलं घर का नको? तुला मरायचंय का?" ती माझ्या केसांना तेल लावत राहिली.

तेव्हापासून मला एकच भीती. आमच्या पेठेतल्या एका बाईनं आदल्या वर्षी विहीर जवळ केली होती. ती पण अशीच गप्प होती. मला वाटलं, अव्वा तशीच जागा शोधतेय, जिथं अडवायला कुणी नाही.

तिसरं घर दुधनीच्या पुढं, शिवाराच्या मधोमध. दुष्काळी कामावर तलाव बांधून घेणाऱ्या गोऱ्या इंजिनियरनं ते स्वतःसाठी बांधलेलं, पुढं तिथल्याच एका व्यापाऱ्यानं घेतलं. चहूकडं आंबे, लिंब, मागं मोठी पायऱ्यांची विहीर. विहीर बघून मी अव्वाचा पदर घट्ट धरला. बंगल्याची राखण एक म्हातारी करायची, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायची. तिनं आम्हाला दारावरची गोळीची खूण दाखवली. "रझाकाराच्या येळची हाय ही. त्या रातीला गावच्या समद्या बायका हितं लपल्या हुत्या. कडेवरची पोरं गळा काढून रडत हुती. ते मेले भाईर अंगणात हुबे, पर आवाज गेला न्हाई बघा. भिंतच तसली हाय."

अप्पा खूश. बाजारात सांगायला गोळीची खूण सापडली! ते बोटानं ती खूण चाचपत बसले. अव्वानं मला हाताला धरून मधल्या खोलीत नेलं. "मी भाईर जाते. दार लावून घे आणि जितकं जमंल तितकं मोठ्यांदा ओरड."

मी ओरडले. खरं सांगते, मला ओरडायला काही निमित्त लागलं नाही. घसा फाटेपर्यंत ओरडले, अव्वा, अव्वा, अव्वा. बऱ्याच वेळानं तिनं दार ढकललं.

"ओरडलीस का?"

"मग! ऐकू नाही आलं?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं समाधान होतं. बाहेर येऊन तिनं अप्पांना सांगितलं, "हेच घ्यायचं."

मे महिन्यात आम्ही तिथं राहायला गेलो. अप्पा, अव्वा, मी आणि धाकटा भाऊ. झाडांमुळं हवा खरंच गार होती. आंबे पाडाला आले होते. भाऊ दिवसभर झाडावर. मी मात्र अव्वाच्या पदराला चिकटून. ती विहिरीवर निघाली की मी पुढं पळायची. ती धुणं धुवायला बसली की मी तिच्या आणि पाण्याच्या मधल्या पायरीवर बसायची. ती वैतागून म्हणायची, "सरक की गं, उन्हं अडवतीस," पण मी सरकले नाही.

दोन दिवस अप्पा शांत होते. तिसऱ्या दुपारी ताटात आमरस वाढला, त्यात त्यांना आंब्याची साल लागली. नखाएवढी. त्यांनी ताट उचललं आणि सरळ अव्वाच्या तोंडावर फेकलं. काठ भुवईवर बसला. रस आणि रक्त एकत्र होऊन तिच्या गळ्यापर्यंत आलं. भाऊ रडायला लागला तशी अप्पांनी त्यालाही एक सणसणीत ठेवून दिली. तो कोपऱ्यात जाऊन आदळला.

अव्वानं पदराचा बोळा केला नाही. तिनं भावाला उचललं, दाराबाहेर म्हातारीपाशी सोडलं आणि परत आत येऊन कडी घातली. मी तिथंच होते, साहेबाच्या त्या मोठ्या जेवणाच्या टेबलाखाली. मला वाटलं, आता अप्पा तिला संपवणार आणि ती स्वतःच कडी घालून बसलीय. मी तोंडावर हात दाबला.

कोपऱ्यात धुण्याचं धोपाटणं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं. अप्पा हसले. "आता काय, मला धुतीस?"

पहिला घाव नडगीवर बसला. त्या आवाजानं माझ्या दाढा दुखल्या. अप्पा एका गुडघ्यावर आले, आणि मग माझी आई ओरडली. मी तोवर तिचा आवाज ऐकलाच नव्हता, असं म्हणायला हरकत नाही. "हा संक्रांतीचा! माझ्या बापाला दारातनं उपाशी घालवलास, त्याचा!" दुसरा घाव खांद्यावर. "हा पोटूशी हुते तवा लाथ घातलीस त्याचा! ते पोर गेलं माझं, गेलं, त्याचा हा!" अहो नाही, जाहो नाही. अरे, तुरे, मुडद्या, भाड्या, आणि कानडीतल्या अशा शिव्या की त्या तिला येतात हे मला माहीतही नव्हतं. अप्पांनी तिचे पाय धरायचा प्रयत्न केला. तिनं त्यांच्या बोटांवर घाव घातला. मग अप्पा ओरडायला लागले. "मेलो गं! अगं सोड! कोण हाय का तिकडं? धावा रं!"

कोण येणार? मला सांगायला कसली लाज नाही, मला आनंद झाला होता. माझ्या बापाच्या नाकातून रक्त येत होतं आणि मी टेबलाखाली, घाल, अजून घाल, असं मनात म्हणत होते. आज इतकी वर्षं झाली, त्या दुपारचं मला अजूनही वाईट वाटलेलं नाही.

हात थकले तेव्हाच ती थांबली. धोपाटणं टाकून ती खाली बसली आणि धाय मोकलून रडली. मी बाहेर आले, तिची भुवई माझ्या परकराच्या टोकानं दाबून धरली. "मला वाटलं तू विहिरीत उडी घेणार," मी म्हणाले. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी अचाट बोलले.

"उडी? मी कशाला घेऊ उडी?"

"मग शेजार नको का म्हणालीस? काकू येऊन सोडवायच्या तरी."

"सोडवायला न्हाई येत ती, बघायला येती," अव्वा म्हणाली. "दुसऱ्या दिवशी नळावर समद्यास्नी सांगती, आज गाल सुजलाय, आज ओठ फुटलाय. मी तितं एकदा ओरडले असते तर तुझ्या लग्नापातुर तेच काढत बसले असते. हिची आई नवऱ्यावर हात टाकती. कोण घेतंय असल्या घरची पोरगी? म्हणून गप बसले. मला ओरडायला जागा पायजे हुती."

अप्पा भिंतीला टेकून कण्हत होते. दार उघडल्यावर ते म्हातारीवर खेकसले, "किती हाका मारल्या, ऐकू आलं न्हाई?" म्हातारी दाराला लागूनच बसली होती, भावाला आंबा चोखायला देऊन. ती शांतपणे म्हणाली, "केळसंगिल्ल्री." ऐकू येत नाही जी.

दुधनीच्या डॉक्टरला सांगितलं, विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले. नडगीला चीर गेली होती, बोट मोडलं होतं. महिन्याची सुट्टी आठवड्यात आवरली. बाजारात अप्पांनी गोळीची खूण आणि गार हवा, दोन्ही रंगवून सांगितली.

त्यांचा हात कायमचा थांबला असता तर मी ही गोष्ट इथंच संपवली असती. दिवाळीपर्यंत पाय बरा झाला आणि पायाबरोबर माणूसही पहिल्यासारखा झाला. फराळाच्या दिवशी चकली मऊ पडली म्हणून त्यांनी डबा भिरकावला आणि हात उगारला. भिंतीपलीकडं काकू होत्याच. अव्वा जागची हलली नाही. मान वर करून, अगदी हळू, भिंतीलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "अवो, येत्या उन्हाळ्यात कुटं जायचं?"

अप्पांचा हात वरच राहिला. मग तो डोक्यावर आला, टोपी नीट करून खाली गेला. "दुकानात काम हाय," म्हणून ते निघून गेले. मला हसू आवरेना. अव्वा मात्र पसरलेल्या चकल्या गोळा करत होती आणि एकेक चकली उचलताना दाराकडं बघत होती.

"हसतीस काय," ती म्हणाली. "हे आता रोज इचारावं लागंल मला."