केझायाने घातलेली दाराची अट

ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटाच्या बायकांच्या तुरुंगाला सगळे कारखानाच म्हणत, कारण तिथे कैदी बायका दिवसभर लोकर कातायच्या. केझाया टटल ही त्यातली सगळ्यात तिखट जिभेची. इंग्लंडात, नॉरिचमध्ये, मालकिणीचा भाजलेला हंस तिने खिडकीतून पळवला आणि पकडली गेली, तेव्हा अर्धा पोटात गेला होता. सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. "अख्खा खाल्ला असता तर चौदा दिली असती का?" असं तिने भर कोर्टात विचारलं होतं.

शिक्षा भोगून सुटलेले, शेती करणारे एकटे पुरुष बायको शोधायला कारखान्यात येत. देखरेख करणाऱ्या हॅलमबाई लग्नाला तयार असलेल्यांना अंगणात रांगेत उभं करत. पुरुषाने आवडेल तिच्यापुढे रुमाल टाकायचा. तिने उचलला की जमलं.

एकदा नदीकाठचा जेथ्रो स्पार्गो आला. लाजतबुजत त्याने केझायापुढे रुमाल टाकला. ती जागची हलली नाही.

"आधी तोंड उघडा."

"का हो?"

"आत्ता सगळ्यांचे दात बघत आलात ना? आता तुमचे बघू."

रांगेत खसखस पिकली. जेथ्रोने निमूटपणे आ केला.

"वरचे दोन कुठे गेले?"

"येताना जहाजावर. तिथल्या दगडासारख्या बिस्किटात अडकले."

"घर आहे?"

"आहे की! स्वतः बांधलंय."

"दार?"

जेथ्रो घुटमळला. "घोंगडी टांगलीय."

"म्हणजे डुकरंही आत येत असतील."

"एकच येतं. स्वभावाने फार गरीब आहे."

"मग त्याच्याशीच संसार करा. दार बसवलंत की या." तिने रुमाल न उचलता पायानेच त्याच्याकडे परत सरकवला.

हॅलमबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, चांगला जमीनवाला होता!"

"बाई, एक शिक्षा भोगतेच आहे. दुसरी कशाला मागून घेऊ?"

पुढच्या आठवड्यात फाटकाशी बैलगाडी थांबली. गाडीत आडवं टाकलेलं भलंमोठं दार आणि शेजारी घामाघूम जेथ्रो.

"अहो, मी दार बसवा म्हटलं होतं!"

"बसवलं होतं. पण तुमचा विश्वास बसला नसता, म्हणून काढून आणलं."

केझायाने दार ठोकून पाहिलं. लाकूड पक्कं होतं. मग कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "रुमाल?"

जेथ्रोने खिसे चाचपले. या गडबडीत रुमाल घरीच राहिला होता. त्याने घाबरत डोक्यावरची टोपी काढून तिच्या पायाशी टाकली. तिने ती उचलून सरळ स्वतःच्या डोक्यावर चढवली. हॅलमबाईसुद्धा हसल्या.

सरकारची परवानगी आली, लग्न लागलं. नवी नवरी घरी पोचली तर दार उघडंच राहिलेलं, आणि डुक्कर पिठाचं पोतं फस्त करून बिछान्यात घोरत पडलेलं.

"हेच का ते गरीब?" म्हणत तिने झाडू उचलला. डुकरामागोमाग जेथ्रोही बाहेर पळाला.

पण संसार झाला, आणि चांगला झाला. तिची सात वर्षं भरली, सुटकेचा कागद आला, आणि जेथ्रो घरात पाऊल टाकेना. गोठ्यात तिने त्याला गाठलं.

"तोंड का पाडलंयस?"

"आता तू मोकळी झालीस. मायदेशी जाशील."

"जाशील म्हणे! येताना सरकारच्या खर्चाने अख्खी वाट ओकत आले. आता पदरचे पैसे मोडून ओकत जाऊ? आणि धार कोण काढणार, तू? गाय तुला बघितलं की दूध चोरते!"

जेथ्रो इतका हसला की हातातली, तिनेच धार काढून भरलेली बादली लवंडली. त्यावरून केझाया संध्याकाळपर्यंत त्याला बोलत राहिली, आणि तो मान खाली घालून हसत राहिला.