अडीचशे ओहमचे हेडफोन

माझी अक्का जन्मापासून आंधळी आहे. ‘दिव्यांग’ वगैरे शब्द बॅनरवाल्यांनी वापरावेत. ती स्वतःला आंधळी म्हणते, म्हणून मीही तसंच लिहितो. आमचं घर औशाचं. अक्का लातूरला मुलींच्या वसतिगृहात राहून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायची आणि मी नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करता करता विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचो. तिला लागणारी पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नव्हती. कुणीतरी वाचून रेकॉर्ड करायचं, तिनं ऐकायचं. तिचा सगळा अभ्यास असा कानांवर उभा होता.

एका संस्थेनं वसतिगृहातल्या मुलींना प्लेअर वाटले. मुठीत मावणारे, गाणी ऐकायचे असतात तसले, आत अभ्यासाचे धडे भरलेले. सोबत भलेमोठे हेडफोन. एका बंद पडलेल्या रेकॉर्डिंग स्टुडिओचा माल कुणा दात्यानं दिला होता. पाहुण्यांनी स्टेजवर एकेका मुलीच्या डोक्यावर तो चढवला, गालावर हात ठेवून तिचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं, फोटो काढले. हेडफोनची पिन जाड होती, प्लेअरच्या भोकात जात नव्हती. म्हणून संस्थेनं प्रत्येकीसाठी पिनेला लावायचा छोटा जोड आणला होता, आणि संस्थेच्या सचिवांनी माईकवर तेही अभिमानानं सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या खेपेला लातूरला गेलो तर अक्का व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी. तिची खोलीतली मैत्रीण, तीही आंधळीच, अंगणात एका हातानं चाचपत मागं मागं सरकत होती. दुसऱ्या हातात चमचा. दर थोड्या वेळानं ती तो फरशीवर टाकायची.

“अजून मागं जा,” अक्का म्हणाली.

“अक्का, हे काय चाललंय?”

“कान मोजायलेय. चमचा कुठवर ऐकू येतो ते.”

मला हसू आलं. तिला आलं नाही.

“प्लेअर फुल करते, तरी ती धडा वाचणारी बाई लई लांबून बोलते,” ती म्हणाली. “पंखा बंद करून पाहिला, डोक्यावर उशी घेऊन पाहिली. सचिवसाहेबाला सांगितलं तर म्हणले, कान दाखवून घ्या, अशा मुलींचे कानपण हळूहळू जातात. डोळे न्हाईत त्याचं मला काय वाटत न्हाई रे. पण कान गेल्यावर मी बसायचं कुठं?”

मी हेडफोन मागून घेतला. पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं : अडीचशे ओहम.

ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप. स्टुडिओतलं मशीन दांडगं असतं, ते असला हेडफोन सहज वाजवतं. खिशातल्या प्लेअरची ताकद बोटाएवढ्या बॅटरीची. त्याला सोळा नाहीतर बत्तीस ओहमचे इअरफोन लागतात. अडीचशेचा लावला की आवाज येतो, पण मेल्यागत येतो. मोडलेलं कुठं काहीच नसतं. संस्थेला पिन बसत नाही एवढं दिसलं. जोड लावला, पिन बसली, झालं जुळलं. वाटण्याआधी एकानंही तो स्वतःच्या कानाला लावून अर्धं मिनिट धडा ऐकला नाही. फोटो मात्र जागच्या जागी तपासून घेतले होते, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

अक्काला हे सगळं सांगितलं आणि बसस्टँडसमोरच्या हातगाडीवरून बत्तीस ओहमचे इअरफोन आणले. अक्कानं ते कानात घातले, बटण दाबलं आणि दचकून उपटूनच काढले.

“अगं आई! किती वरडते ही बया!”

आवाज फुलवरच राहिला होता. मी तो कमी केला. मग ती खाली बसली आणि अख्खा धडा ऐकला. धडा संपल्यावर म्हणाली, “इतके दिवस मी उशीत तोंड घालून रडले, आन तू म्हणतो पिन?”

“पिन न्हाई अक्का, ओहम.”

“गप बस.”

मी सचिवांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाकी एकाही मुलीची तक्रार नाही. दात्यांनी एवढी महागाची वस्तू दिली, तुम्हाला हातगाडीवरची बरी वाटते? बहिणीचे कान दाखवलेत का?”

एकाही मुलीची तक्रार नव्हती, हे खरं होतं. चमचेवालीनं त्याचं कारण सांगितलं. “मलाबी तसंच लांबून येतंय. पण बोलायचं कुणाला? घरी कळलं की आता हिचे कानबी गेले, तर उचलून नेतील.” प्रत्येकीला वाटत होतं, आपल्या एकटीचंच झालंय. सगळ्या गप्प. फक्त मुखेडची एक पोर घरी बोलली होती. तिला बाप येऊन घेऊन गेला होता.

मी तिथंच पत्रक लिहायला बसलो. मथळा झाला होता, शिव्याही सुचत होत्या.

“पत्रक मग लिही,” अक्का म्हणाली. “आधी मुखेडला फोन लाव.”

स्पीकर चालू करून लावला. त्या मुलीनंच उचलला. अक्कानं आपल्या नेहमीच्या हळू आवाजात तिला सगळं समजावलं. मुलगी मध्ये मध्ये विचारत होती : अडीचशे का? मग प्लेअर चांगलाय ना? मग तिच्या हातातून फोन बापानं घेतला.

“पोरीला ऐकू कमी येतंय,” तो म्हणाला. “आता शिकवून काय करावं?”

“काका, आत्ता फोनवरच बोलली की ती,” मी म्हणालो. “सगळं ऐकून बोलली.”

“फोनचं येगळं असतंय. एवढे मोठे साहेब म्हणले, कान दाखवा. ते काय येडे हायत? आन तुम्ही कोण?”

“मी इअरफोन घेऊन येतो उद्या. तुम्हीच लावून बघा.”

“नका येऊ. पोरीला बघायला पाव्हणे येणार हायत. त्यांच्यासमोर हे कान-डोळे नको.”

मागून ती मुलगी म्हणाली, “आप्पा, मला ऐकू येतंय की.”

“तू गप,” तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.